मंद लयीचे नवे अल्बम : डूम, स्टोनर आणि सायकेडेलिक मेटल दुसऱ्याला कसे सुचवावे

जुलै २०२५च्या पहिल्या आठवड्यात बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर तीन आठवडे उलटण्यापूर्वीच त्यांचे गायक ऑझी ऑस्बर्न यांचे निधन झाले. तेव्हापासून माझ्याकडे एक विचारणा वरचेवर होत आहे : याच वळणाचे, पण आजच्या काळातले, काय ऐकावे? विचारणाऱ्यांत माझा ऑफिसातला एक सहकारी आहे, ज्याने कॉलेजात असताना धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाच्या गर्दीत कित्येक संध्याकाळी घालवल्या. एकोणीस वर्षांची भाची आहे, जिचा जन्म रंगभवनातले ते कार्यक्रम थांबल्यानंतरचा आहे. आणि आमच्याच मजल्यावर राहणारे एक काका आहेत, जे आयुष्यभर ख्याल ऐकत आले असून ऑझींच्या निधनाची बातमी वाचून कुतूहलाने माझ्याकडे आले. या तिघांना मी आरंभी दहा नावांची एकच यादी पाठवली आणि तिघांपैकी कोणीही त्यातला एकही अल्बम शेवटपर्यंत ऐकला नाही. यात अल्बमांचा दोष नव्हता. या प्रकारातला अल्बम सुचवणे म्हणजे समोरच्याकडून त्याचा सलग पाऊण-एक तास मागून घेणे असते, आणि तो तास मागताना या माणसाला हाच अल्बम का, तो त्याने कुठे बसून ऐकावा आणि ऐकताना कशाची वाट पाहावी, हे सांगण्याची जबाबदारी सुचवणाऱ्यावर येते.

तीन नावांचा गुंता आधी सोडवावा

डूम, स्टोनर आणि सायकेडेलिक ही तीन नावे इतकी एकत्र उच्चारली जातात की ऐकणाऱ्याला ती एकच वाटू लागतात. त्यांचे मूळ खरोखरच एक आहे. ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटारचे सूरही उतरवले. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बमात काही गाण्यांसाठी गिटार नेहमीपेक्षा, पेटीच्या भाषेत सांगायचे तर, तीन पट्ट्या खाली लावलेली आहे. सैल तारेतून निघणारा तो जाड, लोंबता आवाज हेच या सगळ्या घराण्याचे बीज आहे, आणि नव्या श्रोत्याला एवढी एक हकीकत सांगितली तरी पुढचे पुष्कळसे त्याला आपोआप समजते.

या बीजाला तीन फांद्या फुटल्या. डूमने संथपणा आणि शोक किंवा भय यांचा पाठपुरावा केला. स्वीडनच्या कँडलमासने १९८६मध्ये आपल्या ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ या पहिल्या अल्बमाच्या शीर्षकातच ते नाव गुंफले. स्टोनरने तोच जाड आवाज घेतला, पण त्याला डोलणारी चाल दिली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जनरेटर लावून वाजवणारा काययस हा बँड त्याचा आदर्श मानला जातो. त्यांचा गिटारवादक आपली गिटार बेसच्या अ‍ॅम्पमधून वाजवत असे, आणि १९९२च्या ‘ब्लूज फॉर द रेड सन’मध्ये त्याचा परिणाम स्पष्ट ऐकू येतो. सायकेडेलिक मेटलमध्ये काळाची जाणीव बदलण्यावर भर असतो : प्रतिध्वनी, लांबत जाणारी पुनरावृत्ती, मध्येच विरघळून जाणारी लय. स्टोनर हे नाव गांजाच्या नशेवरून पडले आहे आणि अनेक शीर्षकांत तसे उल्लेख येतात. भाचीला अल्बम सुचवताना मी हे लपवले नाही, आणि हे संगीत ऐकायला कसल्याही नशेची गरज नाही हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले.

कोणाला काय

समोरच्याला कधीही ‘तुला डूम आवडते का’ असे विचारू नये. तो आज काय ऐकतो आणि त्यात त्याला काय धरून ठेवते, ते विचारावे. लय, गाणाऱ्याचा आवाज, शब्द, वाद्यांचा पोत की केवळ जोर, यांपैकी एक उत्तर मिळाले की निम्मे काम होते.

काकांच्या बाबतीत हे उत्तर मला आधीच ठाऊक होते, कारण अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित लय हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. ज्याने आवर्तन भरत जाण्याची वाट पाहण्यात उभे आयुष्य आनंदाने घालवले, त्याला संथपणा शिकवावा लागत नाही. त्याला फक्त मुद्दाम फाटका केलेल्या गिटारच्या आवाजाचा खरखरीतपणा ओळखीचा करून द्यावा लागतो. इथे एक खरे नातेही हाताशी आहे. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ संथ बढतीसाठी प्रसिद्ध होते. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७०मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग व टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांच्यापाशी शिकले. एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवण्याचा यंग यांचा ध्यास पुढे अर्थ (म्हणजे पृथ्वी) या नावाच्या बँडपर्यंत पोहोचला, ज्याच्या १९९३च्या ‘अर्थ २’ या अल्बमात सुमारे सव्वा तास जवळजवळ केवळ गिटारचा घुमारा आहे. तानपुऱ्याची आस ज्यांच्या कानात बसलेली आहे अशा श्रोत्यांना हा अल्बम अपेक्षेपेक्षा लवकर उमगतो. तरीही काकांना मी सुरुवात करून दिली ती ओम या बँडच्या ‘अद्वैतिक साँग्ज’पासून. हा अल्बम २०१२चा, म्हणजे नवा नव्हे. परंतु नव्याकडे नेणारा पूल म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. त्याच्या पहिल्याच रचनेत महामृत्युंजय मंत्र ऐकू येतो. अशा गोष्टीची पूर्वकल्पना अवश्य द्यावी, कारण मराठी घरात तो मंत्र आजारपणाशी आणि पूजेशी जोडलेला आहे आणि तो अचानक कानावर पडल्यास कोणाला आनंद होईल आणि कोणाला अवघडल्यासारखे होईल, हे आपण ठरवू शकत नाही. काकांनी तो अल्बम दोनदा ऐकला आणि त्यानंतरच मी त्यांना एल्डर या बँडचा ‘इनेट पॅसेज’ (२०२२) दिला, ज्यात लांब रचना टप्प्याटप्प्याने उलगडत जातात आणि गायन मोजकेच असते.

सहकाऱ्याचा प्रश्न उलटा होता. त्याला वेग आणि आघात यांची सवय असल्यामुळे संथ अल्बम त्याला रिकामे वाटत. अशा माणसाला ब्लड इन्कँटेशन या बँडचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ (२०२४) द्यावा. मूळ बैठक डेथ मेटलची, म्हणजे वेगवान आणि गुरगुरत्या आवाजात गायल्या जाणाऱ्या मेटलची, पण अल्बमात दोनच दीर्घ रचना, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांची, आणि त्यांच्या मधोमध मेटल बाजूला सारून अवकाशात तरंगत जाणारे सिंथेसायझरचे भाग. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला आणि टँजरीन ड्रीम या सिंथेसायझरसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन बँडच्या थॉर्स्टन क्वेशनिंग यांचा त्यात सहभाग आहे. ओळखीच्या आघातातून अनोळखी संथपणात नेण्याचे काम हा अल्बम फार उत्तम करतो. त्याच्या पाठोपाठ मी त्याला आपल्याच शहरातल्या डर्ज या बँडचा ‘आह पुच’ (२०१८) ऐकवला. माया संस्कृतीच्या मृत्युदेवतेचे नाव घेतलेला हा स्लज-डूमचा, म्हणजे चिखलासारख्या दाट, खरखरीत डूमचा, अल्बम मुंबईत तयार झाला, हे ऐकून तो चकित झाला. आपल्याकडची या संगीताची परंपरा पुष्कळांना ठाऊकच नसते : बंगळुरूच्या डाइंग एम्ब्रेसने १९९१पासून डेथ-डूम वाजवले आहे, त्याच शहरातल्या बेवार सीचा २०१२चा पहिला अल्बम स्टोनर-डूमचा उत्तम नमुना आहे, आणि जिन अँड मिस्काटोनिक हा बँडही तिथलाच. परदेशी नावांच्या यादीत यांना दयेपोटी जागा देऊ नये. गुणांवर त्या यादीत बसतील तेव्हाच द्यावी, आणि वर सांगितलेले अल्बम बसतात असे माझे मत आहे.

भाचीसाठी मात्र गाणे महत्त्वाचे. तिला आधी नॉर्वेतल्या बर्गनच्या स्लोमोसाचा ‘टुंड्रा रॉक’ (२०२४) दिला, कारण त्यातली गाणी आटोपशीर आहेत आणि चाली एका ऐकण्यात लक्षात राहतात. वाळवंटी रॉकला या मुलामुलींनी आपल्या थंड प्रदेशाचे नाव देऊन उत्तर दिले, ही कल्पनाच तिला आवडली. नंतर इटलीतल्या मेस्साचे दोन अल्बम दिले : ऐंशीच्या दशकातल्या गॉथिक रॉककडे झुकणारा ‘द स्पिन’ (२०२५) आणि त्याआधीचा ‘क्लोज’ (२०२२), ज्यात ऊद हे तंतुवाद्य आणि दुदुक हे सुषिरवाद्य यांसारखी पश्चिम आशियाकडची वाद्ये आहेत.

एका प्रसंगी अधिक जपावे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे असा माणूस कधीकधी स्वतःहून अशा संगीताकडे वळतो. सिअ‍ॅटलचा बेल विच हा फक्त बेस आणि ड्रम यांवर उभा असलेला बँड. त्यांचा ‘मिरर रीपर’ (२०१७) ही ८३ मिनिटांची एकच अखंड रचना आहे आणि तिच्यात त्यांच्या २०१६मध्ये निवर्तलेल्या साथीदाराचा, एड्रियन गेरा यांचा, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज गुंफलेला आहे. वडील गेल्यानंतरच्या महिन्यात माझ्या एका मित्राने मला विचारले, तेव्हा मी त्याला ही हकीकत सांगितली, अल्बमचे नाव सांगितले आणि ‘ऐकलास का’ असे पुन्हा कधीही विचारले नाही. चार महिन्यांनी त्यानेच विषय काढला. दुःखातल्या माणसाला आणखी हलके काही हवे असेल तर पॅलबेअररचा ‘माइंड बर्न्स अलाइव्ह’ (२०२४) आहे. तो शांत आहे, स्वच्छ आवाजात गायलेला आहे आणि त्यात श्वास घ्यायला मोकळी जागा आहे.

मुंबईत हे ऐकायचे कुठे

अल्बम चांगला असूनही शिफारस फसते ती बहुधा इथे. माझ्या मावसभावाला मी फार वर्षांपूर्वी स्लीप या बँडचा ‘डोपस्मोकर’ दिला होता. हा तासाभराहून थोडा मोठा असा एकच सलग तुकडा १९९६मध्ये ध्वनिमुद्रित झाला, त्यांच्या कंपनीने तो प्रसिद्ध करण्यास नकार दिला आणि अखेर २००३मध्ये तो या नावाने पूर्ण रूपात बाहेर आला. डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलने यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढीच त्याची लांबी, म्हणून प्रवासात ऐक असे मी सुचवले. तो सल्ला चुकीचा होता. त्याने सकाळच्या गर्दीत, साध्या इअरफोनवर तो ऐकला आणि त्याच्या पदरात केवळ एक भुणभुण पडली.

याचे कारण भौतिक आहे. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. ती चार पट्ट्या उतरवली की ६५ हर्ट्झवर येते आणि तशाच उतरवलेल्या बेसची तार ३३ हर्ट्झच्या आसपास. फोनच्या स्पीकरमधून इतके खालचे स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीत, आणि लोकलच्या चाकांची घरघर नेमकी याच खालच्या पट्ट्यातली असल्यामुळे इअरफोनमधला उरलासुरला खर्जही तिच्याखाली दडपला जातो. संपूर्ण कान झाकणारा हेडफोन असल्यास फरक पडतो. बाहेरचा आवाज रोखणारी यंत्रणा सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवरच सर्वांत चांगली चालते, म्हणून प्रवासात ऐकणाऱ्याला तशा हेडफोनचाच सल्ला द्यावा. घरी स्पीकरवर ऐकायचे असेल तर खर्ज भिंतींतून आरपार जातो हे ध्यानात ठेवावे. आपल्या इमारतींत शेजाऱ्याच्या उशाशी आपलीच भिंत असते, तेव्हा रात्री उशिरा हेडफोनच योग्य. माझ्या अनुभवात रविवारची दुपार, जेवणानंतरची सामसूम आणि शक्य असल्यास बाहेर लागलेला पाऊस, ही डूम ऐकण्याची या शहरातली सर्वोत्तम वेळ आहे. स्टोनरला मात्र प्रवास चालतो, कारण त्याची चाल गाडीच्या लयीशी जुळते.

नवे शोधावे आणि पारखावे कसे

काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झाले, तोवर काउंटरवरच्या माणसाला आपली आवड ठाऊक असे आणि तो आपणहून एखादी सीडी पुढे करी. ते काम आता आपल्यालाच करावे लागते. बँडांपेक्षा प्रकाशन कंपन्यांवर लक्ष ठेवणे अधिक फलदायी ठरते, कारण अशा कंपन्या एखाद्या संपादकाच्या आवडीने चालतात. लंडनची राइज अबव्ह, रोमची हेवी सायक साउंड्स, फिनलंडची स्वार्ट, कॅलिफोर्नियाची रिपल म्युझिक आणि कॅनडाची प्रोफाउंड लोर एवढ्या पाच जरी डोळ्यांसमोर ठेवल्या तरी दर महिन्याला ऐकायला पुरेसे मिळते. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग इथे भरणाऱ्या रोडबर्न महोत्सवात कोणाला बोलावले आहे, हे पाहूनही पुष्कळ नवी नावे कळतात. बँडकॅम्प या अल्बम विकणाऱ्या संकेतस्थळावर प्रकाराच्या आणि शहराच्या नावाने शोध घेता येतो आणि बहुतेक अल्बम विकत घेण्यापूर्वी पूर्ण ऐकता येतात. काही ठरावीक शुक्रवारी ही कंपनी विक्रीतला आपला वाटा सोडून देते. तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार मोजला जातो, त्यामुळे तिकडच्या उन्हाळ्यात तो आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन शनिवारी दुपारी साडेबारापर्यंत चालतो. कोणाला अल्बम भेट द्यायचा असेल तर तो मुहूर्त साधावा.

सापडलेला अल्बम लगेच कोणाला पाठवू नये. मी तो एकदा पूर्ण, काही न करता ऐकतो, आठवडा जाऊ देतो आणि मग त्यातली एखादी रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी चाल, मनात उरली आहे का ते पाहतो. उरली नसेल तर अल्बम बाजूला ठेवतो. दुसऱ्या वेळी लांबीची परीक्षा घ्यावी : पंधरा मिनिटांच्या रचनेत पुनरावृत्तीमुळे काही वाढत जाते आहे, की केवळ वेळ भरला जातो आहे? ख्यालाची बढत ऐकलेल्या कानाला हा फरक चटकन कळतो. संथ लयीत काहीतरी हलत असलेच पाहिजे. ड्रमचा आघात किंचित मागे सरकतो, बेस वेगळ्या स्वरावर उतरतो, गिटारच्या घुमाऱ्यात दुसरी गिटार मिसळते. असे काहीच घडत नसेल तर जाड आवाज आणि भयंकर मुखपृष्ठ यांनी आपली फसवणूक करून घेऊ नये. या प्रकारात अनुकरण फार आहे आणि दर महिन्याला येणाऱ्या अल्बमांपैकी पुष्कळसे अर्ध्यावर सोडून देण्याजोगे असतात, हे मी या संगीतावरच्या प्रेमापोटीच लिहीत आहे.

शिफारस लिहिताना ‘जड’ आणि ‘भन्नाट’ हे दोन शब्द टाळावेत, कारण ते प्रत्येक अल्बमला लागू पडतात. आपल्या भाषेत आवाजाचे वर्णन करणारे शब्द भरपूर आहेत : खर्ज, घुमारा, आस, गुरगुर, खरखर, कोरडा, ओलसर, ठोस, पसरट. भाचीला पाठवलेला मजकूर मी इथे नमुना म्हणून देतो : ‘मेस्साचा द स्पिन ऐक. इटलीचा बँड, २०२५चा अल्बम, लांबी पाऊण तासाच्या आसपास. गायिकेचा आवाज पुढे आणि मोकळा आहे, गिटारचा आवाज ओलसर, ड्रम जरा लांबून आल्यासारखे. तुला चालीची गाणी आवडतात म्हणून हा. हेडफोनवर, रात्री, सलग ऐक. दुसऱ्या गाण्यापर्यंत मन लागले नाही तर बंद कर आणि मला सांग.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी पडते, कारण अल्बम सोडून देण्याची मोकळीक असली की माणूस तो निश्चिंतपणे सुरू करतो.

दुसरा अल्बम पहिल्याचे उत्तर आल्यावरच द्यावा. ‘आवडला’ एवढ्यावर थांबू नये. नेमके कुठे मन लागले आणि कुठे उडाले ते विचारावे. सहकाऱ्याला ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’मधले सिंथेसायझरचे संथ भागच अधिक भावले, हे त्याने सांगितल्यावर माझा अंदाज बदलला. त्याला थौ या बँडचा ‘अम्बिलिकल’ (२०२४) द्यायचे मी ठरवले होते. ते रद्द करून किंग बफेलो या बँडचा ‘अ‍ॅकेरॉन’ (२०२१) दिला, जो न्यूयॉर्क राज्यातल्या हाउ कॅव्हर्न्स या गुहेत ध्वनिमुद्रित झाला आहे आणि ज्यात चार दीर्घ रचना आहेत. कोणाला काय दिले, केव्हा दिले आणि त्याने काय म्हटले, याची मी एका वहीत नोंद ठेवतो. काकांच्या पानावर सध्या दोनच नावे आहेत आणि तिसऱ्यासाठी मी बेल विचचा ‘द क्लँडेस्टाइन गेट’ (२०२३) पुन्हा ऐकत आहे. तोही ८३ मिनिटांचा असल्यामुळे, त्यांच्याकडे तेवढी सलग दुपार केव्हा मोकळी आहे हे मला आधी विचारावे लागेल.